नवगावचं जहाज, हरवलेले दहा वंश आणि ‘पुरावा नाही’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या आठवड्यात डिपार्टमेंटच्या कँटीनमध्ये पेटची तयारी करणारा एक ज्युनियर चहा घेऊन समोर येऊन बसला. रात्री त्याने दोन तासांचा एक व्हिडिओ पाहिला होता. म्हणाला, “ताई, ज्यूंच्या जुन्या ग्रंथातलं सगळं खोटं निघालंय. मोझेस नाही, इजिप्तमधून सुटका नाही, जेरिकोची भिंत नाही. एवढं खणलं, काही सापडलंच नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “पण मग आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायल? ते कुठून आले?”

मी भूविज्ञानाची विद्यार्थिनी. हिब्रू येत नाही, धर्मशास्त्र माझा विषय नाही. पण ‘काही सापडलं नाही, म्हणजे घडलं नाही’ या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे. माझं काम गोदावरीकाठच्या गाळावर आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती सादरीकरणात मी मोठ्या आत्मविश्वासाने स्लाइड लावली होती: ‘या ठिकाणी जुन्या मोठ्या पुराचा थर नाही, म्हणून त्या काळात मोठा पूर आलेला नाही.’ समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “पूर आला असता, तर तुमच्या जागी गाळ साठला असता का?” माझी जागा नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला होती. तिथे पूर गाळ टाकत नाही, असलेलाही खरवडून नेतो. पूर आला असता तरी तिथे थर मिळाला नसता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सहा महिने नवी जागा शोधण्यात गेले.

म्हणून हा लेख. ज्युनियरच्या प्रश्नाचं उत्तर तर द्यायचंच आहे, पण त्या निमित्ताने जुन्या कथेचा दावा संशोधक कसा तपासतो, हेही बघू. सिनॉप्सिस लिहिताना तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

आधी घरचं उदाहरण

नाशिकमध्ये राहणाऱ्याला पांडवलेणी सांगायला नको. त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी. नाव पांडवांचं, पण आत जाऊन भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं वाचली की पांडव कुठेच भेटत नाहीत. भेटतात ते क्षहरात राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याची आई गौतमी बलश्री. लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत आणि साधारण इसवी सनपूर्व पहिलं ते इसवी सनाचं तिसरं शतक असा त्यांचा मुख्य काळ आहे.

आता नीट बघा. शिलालेखांमुळे ‘ही लेणी पांडवांनी कोरली’ हा दावा पडला. पण महाभारतातलं काय घडलं आणि काय नाही, याबद्दल या शिलालेखांनी एक अक्षरही सांगितलेलं नाही. एका पुराव्याने एक ठरावीक दावा पाडला, तेवढंच. पुराव्याला त्याच्या आकाराइतकंच बोलू द्यायचं. पुढचा सगळा लेख याच सवयीबद्दल आहे.

एका वाक्यात किती दावे असतात?

बेने इस्रायल म्हणजे कोकणातला, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातला मराठी बोलणारा ज्यू समाज. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून: किहीमकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेल्यांपासून समाज वाढला. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, फक्त ‘शमा’ ही प्रार्थना लक्षात राहिली. नवगावला त्या दफनभूमीत आज स्मारक आहे.

ही कथा खरी की खोटी, असा प्रश्न विचारला की आपण लगेच अडकतो. कारण तो एक दावा नाही. तो असा सुटा करता येतो:

१. या समाजाच्या पूर्वजांपैकी काही लोक पश्चिम आशियातून आले.
२. ते समुद्रमार्गे आले आणि जहाज फुटलं.
३. वाचलेले नेमके चौदा जण होते, त्यांत सात स्त्रिया होत्या.
४. हे इसवी सनपूर्व १७५ च्या आसपास घडलं. (समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मांडलेला काळ.)
५. ते ‘हरवलेल्या दहा वंशां’पैकी होते. (हा दावा एकोणिसाव्या शतकात विशेष गाजला.)

यातल्या प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे. पहिला टिकला म्हणून पाचवा टिकत नाही आणि तिसरा पडला म्हणून पहिला पडत नाही. पाचव्यासाठी तर आधी हिब्रू ग्रंथाकडेच जावं लागेल, कारण दहा वंशांची गोष्ट तिथूनच येते.

ग्रंथाची तपासणी: कुठे जुळतं, कुठे नाही

हिब्रू शास्त्राबद्दल संशय घेणं काही यूट्यूबने सुरू केलेलं नाही. पहिली पाच पुस्तकं मोशेने लिहिलेली असणं शक्य नाही, असं स्पिनोझाने १६७० मध्ये छापलं. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन आणि इतर जर्मन अभ्यासकांनी ही पुस्तकं वेगवेगळ्या काळच्या लेखनांतून एकत्र आली आहेत, अशी मांडणी केली. त्यांच्या तपशिलांवर आजही वाद आहेत, पण अनेक हात आणि अनेक शतकं, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे उत्खननं झाली, शिलालेख वाचले गेले. निकाल एकसारखा आलेला नाही. चार नमुने देते.

*जुळणारं.* इसवी सनपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्यावर चालून आला आणि तिथल्या हिज्कीया राजाने खंडणी दिली, असं हिब्रू ग्रंथ सांगतो. सन्हेरीबच्या स्वतःच्या, मातीच्या प्रिझमवर कोरलेल्या नोंदीतही हेच आहे. सोनं दोन्हीकडे ३० तालांत (तालांत हे तेव्हाचं मोठं वजन). चांदी मात्र एकीकडे ३०० आणि दुसरीकडे ८००. ग्रंथ म्हणतो, देवदूताने अश्शूरी सैन्य मारलं. सन्हेरीब त्याबद्दल गप्प आहे, पण जेरुसलेम जिंकल्याचा दावाही तो करत नाही. एकमेकांचे शत्रू असलेले दोन साक्षीदार मुख्य घटनेवर एकमत होतात, तेव्हा तो भाग पक्का धरता येतो. बाकी फरक आपापल्या बढाईचा.

*न जुळणारं.* जेरिकोची भिंत. १९३० च्या दशकात गार्स्टँग यांनी पडलेली भिंत शोधून ‘हीच ती’ असं जाहीर केलं. १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केनयन यांनी थर काळजीपूर्वक मोजले, तेव्हा ती भिंत त्याहून सुमारे हजार वर्षं जुनी निघाली. शहराचा मोठा विध्वंस इसवी सनपूर्व १५५० च्या सुमाराचा. इस्रायली लोक कनानात आले असं सहसा मानलं जातं तो काळ तेराव्या शतकाचा शेवट. तेव्हा तिथे तटबंदीचं शहर नव्हतं. इथे ‘सापडलं नाही’ला वजन आहे, कारण भिंत असती तर ती उरली असती आणि नेमकी तीच जागा खणलेली आहे.

*आकड्यावर अडणारं.* इजिप्तमधून सहा लाख पुरुष पायी निघाले, असं निर्गमाच्या पुस्तकात आहे. बायका-मुलं धरली तर वीस लाखांच्या आसपास. नाशिक शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे अख्ख्या नाशिकपेक्षा मोठा जमाव चाळीस वर्षं सिनाईच्या वाळवंटात. सिंहस्थ पाहिलेल्या माणसाला लाखो लोक मागे काय काय सोडून जातात, हे सांगायची गरज नाही. सिनाईत त्या काळच्या अशा जमावाची खूण मिळालेली नाही, त्यामुळे हा आकडा टिकत नाही. पण काही शे माणसांचा गट इजिप्तमधून निसटला असेल तर? त्याची खूण मिळेलच अशी अपेक्षा नाही. तिथे ‘सापडलं नाही’ने काहीच ठरत नाही. माझं नदीचं वळण आठवा. इतकं मात्र माहीत आहे की, इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमारास फेरो मर्नेप्ताहच्या शिलालेखात ‘इस्रायल’ नावाच्या लोकांचा कनानमध्ये उल्लेख आहे. हे लोक तेव्हा तिथे होते. ते कुठून आले, हे तो दगड सांगत नाही.

*आणि दहा वंश.* अश्शूरने इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेकडचं इस्रायल राज्य संपवलं, राजधानी शोमरोन घेतली आणि लोकांना हद्दपार केलं. ग्रंथ आणि अश्शूरी नोंदी दोन्ही हे सांगतात. राजा सारगोन (दुसरा) शोमरोनहून नेलेल्यांचा आकडा देतो: २७,२९०. राजांचे आकडे फुगलेले असतात हे गृहीत धरलं तरी हा आकडा संपूर्ण प्रजेचा नाही. बरेच लोक तिथेच राहिले, काही दक्षिणेला यहूदात गेले. म्हणजे हद्दपारी खरी, पण ‘दहा वंश जगाच्या कोपऱ्यात कुठेतरी हरवून बसले आहेत, शोधले की सापडतील’ ही पुढची कल्पना आहे.

इथे एक चूक मी खूप वेळा ऐकते: ‘मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांनी ग्रंथ खरा ठरवला.’ त्या गुंडाळ्या तोवर माहीत असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षं जुन्या आहेत आणि अनेक ठिकाणी मजकूर बराच सारखा आहे. त्यावरून नकला काळजीने केल्या गेल्या, हे कळतं. नक्कल अचूक असणं आणि मजकुरातली घटना घडलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेरॉक्स स्वच्छ निघाली म्हणून अर्जातली माहिती खरी ठरत नाही.

आता नवगाव: लेखी पुरावा

पहिला प्रश्न नेहमी हाच: नोंद कधीची? बेने इस्रायलांचा स्पष्ट नावानिशी जुना उल्लेख १७३८ चा आहे, डॅनिश मिशनच्या सार्टोरियस नावाच्या धर्मोपदेशकाच्या पत्रातला. त्याआधी साधारण १२०० मध्ये मैमोनिदीस या ज्यू विद्वानाने एका पत्रात भारतातल्या ज्यूंबद्दल लिहिलं की, त्यांना शास्त्र माहीत नाही, फक्त शब्बाथ आणि सुंता पाळतात. वर्णन जुळतं. पण पत्रात गावाचं किंवा समाजाचं नाव नाही. म्हणून हे ‘सुसंगत’ आहे, ‘सिद्ध’ नाही. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे दोन शब्द वेगळे ठेवायला शिका.

जहाजाची सविस्तर कथा आणि १७५ चा काळ आपल्याला किहीमकरांच्या इतिहासातून मिळतो. त्यांनी तो १८९७ मध्ये पुरा केला आणि १९३७ मध्ये तो छापला गेला. मधल्या काळात काय झालं होतं? मिशनरी आले होते. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं होतं. बेने इस्रायल मुलं मिशनच्या शाळांत शिकत होती. मराठी भाषांतरासह हग्गादा छापून झाली होती, १८७४ ची पुण्याची हग्गादा प्रसिद्धच आहे. विल्सनसारखे लोक दहा वंशांची कल्पना घेऊनच या समाजाकडे बघत होते. म्हणजे मौखिक परंपरा कागदावर उतरली, तोवर सांगणाऱ्यांनी ग्रंथ वाचलेला होता. परंपरा बनावट आहे, असा याचा अर्थ होत नाही. जुनं किती आणि वाचून आलेलं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे, इतकाच अर्थ. सामाजिक शास्त्रात मुलाखती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: तुमच्या आधी कोण येऊन काय विचारून गेलं, तेही डेटाचा भाग असतं.

दुसरी गोष्ट कथेच्या साच्याची. चिपळूणच्या परिसराशी जोडलेल्या परशुरामाच्या कथेतही समुद्रातून किनाऱ्याला लागलेले चौदा देह आहेत, आणि चित्पावनांची उत्पत्ती त्यांच्याशी जोडली जाते. इथेही सात अधिक सात, चौदा. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांच्या मूळकथेत तोच समुद्र, तीच संख्या, हे अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही. कोणी कोणाकडून घेतलं, यावर मी बोलणार नाही. पण ‘चौदा’ हा मोजलेला आकडा असण्यापेक्षा कोकणच्या कथनाचा भाग असण्याची शक्यता जास्त वाटते. दावा क्रमांक तीन इथे अशक्त होतो. जहाज फुटण्याचा दावा मात्र त्याने पडत नाही. त्या किनाऱ्यावर जहाजं फुटतच होती.

तिसरी गोष्ट हनुक्काची, आणि इथे मला माझी स्लाइड आठवते. युक्तिवाद असा: बेने इस्रायलांना हनुक्का सण माहीत नव्हता. हा सण इसवी सनपूर्व १६४ मधल्या जेरुसलेमच्या मंदिरशुद्धीचा. म्हणून पूर्वज त्याआधीच निघाले असणार, म्हणून १७५. ऐकायला किती छान! पण याच समाजाला हिब्रू भाषा आठवत नव्हती, बहुतेक प्रार्थना आठवत नव्हत्या, आणि हिब्रू तर १६४ च्या कितीतरी आधीची. जे सण उरले त्यांची नावंही मराठी झाली होती: नव्याचा सण, दारफळणीचा सण. इतकं विसरलेल्या समाजाने एक सण विसरला, यावरून तारीख काढता येत नाही. मौनाला पुरावा म्हणायचं तर आधी दाखवावं लागतं की, माहीत असतं तर ते नक्की टिकलं असतं.

चौथी गोष्ट शक्यतेची. पश्चिमेकडचे लोक त्या काळी इकडे येत होते का? होय, आणि याचा पुरावा आपल्या डोंगरावरच आहे. पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने दिलेलं आहे. उषवदाताच्या लेखात शूर्पारकाचं, म्हणजे सोपाऱ्याचं नाव आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत कल्याण आणि चौल येतात. चौल अलिबागच्या दक्षिणेला, नवगाव उत्तरेला. म्हणजे जहाज येणं अगदी शक्य होतं. पण रस्ता होता म्हणून अमुक माणूस त्यावरून गेला, असं होत नाही. शक्यता दाखवून झाली की लोक पुरावा दिल्याच्या आनंदात थांबतात. माझ्यासह.

जनुकं काय सांगतात, काय सांगत नाहीत

२०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्रायलांच्या जनुकांवर वाल्डमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. १८ व्यक्तींचे नमुने. निष्कर्ष असा की, या समाजात भारतीय आणि पश्चिम आशियाई ज्यू अशा दोन्ही वारशांचा ठळक वाटा आहे. ज्यू वारसा पुरुषांच्या बाजूने जास्त, भारतीय वारसा स्त्रियांच्या बाजूने जास्त. आणि मिश्रणाचा काळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचा.

हा काळ कसा काढतात? दोन वेगळ्या रंगांच्या साड्यांची गोधडी समजा. दर पिढीत ती कापून पुन्हा शिवली जाते. जितक्या वेळा कापाल, तितके एका रंगाचे सलग तुकडे लहान होत जातात. आजच्या तुकड्यांची लांबी मोजली की किती वेळा कापलं, याचा अंदाज येतो. गुणसूत्रांवर साधारण हेच होतं.

आता परीक्षा. १७५ म्हणजे आजपासून सुमारे २२०० वर्षं. अभ्यास म्हणतो ६५० ते १०५०. मग परंपरा खोटी ठरली?

घाई नको. मोजलं गेलं ते मिश्रण, आगमन नाही. एखादं कुटुंब नाशिकला येऊन दोन पिढ्या आपल्यातच लग्नं करत राहिलं आणि तिसऱ्या पिढीत इथल्या घरात सोयरीक झाली, तर लग्नाच्या नोंदवहीवरून ते नाशिकला कधी आले हे कळत नाही. एवढंच कळतं की त्या तारखेला ते इथे होते. दुसरीकडे, दहाव्या शतकात अल-मसूदी या अरब प्रवाशाने चौलमध्ये बसरा, बगदाद, ओमानकडच्या मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी वस्ती पाहिली होती. बाराव्या शतकात भारताशी व्यापार करणाऱ्या ज्यूंची पत्रं कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये सापडली आहेत. जनुकांचा काळ या व्यापाराच्या काळाशी चांगला बसतो. म्हणून उशिरा आगमनाची बाजू आज जड आहे, असं मी म्हणेन. पण ‘जड’ एवढंच.

आता यादीकडे परत जाऊ. दावा एक, पश्चिम आशियाई पूर्वज: भक्कम. दावा दोन, जहाज: शक्य, पण स्वतंत्र पुरावा नाही. दावा तीन, सात जोडपी: आईकडचा वारसा मुख्यतः इथला निघाल्यामुळे कमजोर, जरी मोजक्या पूर्वजांपासून समाज वाढला हा गाभा जनुकांशी सुसंगत असला तरी. दावा चार, १७५: आधार नाही, पण पूर्णपणे बादही नाही. दावा पाच, दहा वंश: तपासताच येत नाही. कारण ‘जनुकं ज्यू आहेत’ याचा अर्थ ‘आजच्या इतर ज्यू समाजांच्या नमुन्यांशी साम्य आहे’ एवढाच असतो. हरवलेल्या वंशाचा नमुना कोणाकडे आहे? तुलनेला नमुनाच नसेल, तर प्रयोगशाळा ‘हो’ही म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ही.

पण हा पुरावा मागितला कोणी?

इथपर्यंत सगळं बौद्धिक व्यायामासारखं वाटेल. ज्यांच्याबद्दल हे चाललंय त्यांना तसं वाटत नव्हतं. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्रायल व्यक्तीला इतर ज्यूशी लग्न करायचं असेल तर तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करा. विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवलेल्या घरातल्या मुलीला लग्नाच्या टेबलावर सांगायचं की तुझ्या पणजीचा पुरावा आण. कोकणातल्या खेड्यातल्या पणजीचा कागद कुठून येणार?

लोक रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, त्याच वर्षी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत अशी भूमिका घेतली आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. तेव्हा कोणाकडेही जनुकांचा अभ्यास नव्हता. तो यायला आणखी ५२ वर्षं होती. आणि त्याची गरजही नव्हती, कारण प्रश्न इतिहासाचा नव्हताच. आज ज्यू म्हणून जगणाऱ्या माणसाला लग्नाचा हक्क आहे का, हा तो प्रश्न होता. नवगावचं जहाज उद्या कल्पित ठरलं तरी त्याचं उत्तर बदलत नाही.

गंमत अशी की, जी शंका त्या मुलीच्या पणजीवर घेतली गेली, ती मोशेवर कोणी घेतली नाही. लेखी कागद तर दोघांचाही नव्हता. संशयाचा नियम एकच असेल तर तो सगळ्यांना लागू व्हायला हवा. आपण ज्यांच्यावर संशय घेतो ते बहुधा दुबळे असतात, आणि ज्यांच्यावर घेत नाही ते आपले असतात. मी माझ्या गाळाबद्दल हे शिकले: माझ्या गृहीतकाला सोयीच्या नमुन्यांना मी कमी प्रश्न विचारले होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आज रात्री अर्धा तास काढा. तुमच्या विषयातलं सगळ्यात लाडकं वाक्य घ्या आणि कागदावर पाच गोष्टी लिहा.

१. या वाक्यात सुटे दावे किती आहेत? प्रत्येकाला क्रमांक द्या.
२. प्रत्येक दाव्यासाठी: तो खरा असेल तर काय सापडायला हवं? कुठे? तिथे ते टिकलं असतं का?
३. माझं मापन नेमकं काय मोजतं? मला हवं ते, की त्याच्या शेजारचं? (आगमन की मिश्रण?)
४. माझ्या स्रोताची नोंद घटनेनंतर किती काळाने झाली आणि मधे कोण येऊन गेलं?
५. हा निष्कर्ष कोणाच्या जगण्याला लागतो? तो त्यांच्यासमोर वाचून दाखवायला मी तयार आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागेल. मला सहा महिने लागले.

त्या दिवशी कँटीनमध्ये मी ज्युनियरला एवढं सगळं सांगितलं नाही, चहा गार झाला असता. इतकंच म्हटलं की ‘सगळं खोटं’ हे उत्तर ‘सगळं खरं’इतकंच आळशी आहे, आणि अलिबागला गेलास तर बीचवरून परतताना इस्रायल आळीत जरूर जा, तिथलं सिनेगॉग बघ. त्याने लगेच विचारलं, “तिथे विचारू का त्यांना, तुम्ही खरंच कधी आलात?” मी म्हटलं, विचार. पण आधी स्वतःच्या पणजीचं माहेरचं आडनाव काय होतं ते घरी विचारून ये.

परवा भेटला. घरात कोणालाच माहीत नव्हतं.